प्रवासी विमानाची जोडणी : प्रक्रिया आणि नोंदींचे महत्त्व

प्रस्तावना :
मोठे प्रवासी विमान आरंभापासून अखेरपर्यंत एकाच कारखान्यात तयार होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणी तयार होतात आणि अंतिम कारखान्यात मुख्यतः त्यांची जोडणी व तपासणी केली जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रेंटन येथे होणाऱ्या बोइंग ७३७ विमानाच्या जोडणीच्या आधारे ही प्रक्रिया आणि तीत नोंदींचे स्थान यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जोडणीचे टप्पे :
या विमानाचे धड कॅन्सस राज्यातील विचिटा येथे तयार होते व रेल्वेने सुमारे ३,२०० किलोमीटर अंतर पार करून रेंटनला येते. इंजिने अन्य पुरवठादाराकडून येतात. पंखांची बांधणी मात्र रेंटन येथेच होते. प्रथम रिकाम्या धडात उष्णतारोधक आवरणे, विजेच्या तारा व नळ्या बसवतात. त्यानंतर धडाला पंख, चाकांचे संच व शेपटाचे भाग जोडले जातात. पुढे आतील भिंती, स्वच्छतागृहे, आसने व इंजिने बसवून विविध यंत्रणांच्या चाचण्या घेतल्या जातात. रंगकाम आणि चाचणी-उड्डाण झाल्यावर विमान ग्राहक कंपनीच्या स्वाधीन केले जाते.

क्रमाचे महत्त्व :
या क्रमात पुढील टप्पा मागील टप्प्याला झाकून टाकतो. भिंत बसल्यावर तिच्यामागील तार किंवा बोल्ट दिसत नाही. म्हणून प्रत्येक काम आपल्याच टप्प्यात पूर्ण होणे आवश्यक असते. अपुरे काम पुढे गेल्यास बसवलेला भाग पुन्हा उघडावा लागतो, आणि ही उघडझाप कागदावर नोंदवली नाही तर ती पुन्हा तपासण्याची सूचना कोणालाच मिळत नाही.

एक उदाहरण :
५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सचे ७३७ मॅक्स ९ विमान पोर्टलंडहून निघाल्यावर काही मिनिटांतच त्याच्या धडाचा एक भाग उडून गेला. जादा संकटकालीन दरवाजाची गरज नसलेल्या विमानात ती जागा बंद करणारा हा ‘डोअर प्लग’ होता. विमानात १७७ जण होते. जीवितहानी झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार, सप्टेंबर २०२३ मध्ये रेंटन येथे जवळचे सदोष रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी हा प्लग उघडण्यात आला होता. तो वर सरकून निसटू नये यासाठी असलेले चार बोल्ट परत बसवले गेले नाहीत आणि प्लग उघडल्याची आवश्यक नोंदही आढळली नाही. पुढे आतील भिंत बसली आणि उणीव झाकली गेली. जून २०२५ मध्ये मंडळाने काढलेल्या निष्कर्षात कामगारांना पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन व देखरेख न पुरवण्याची जबाबदारी बोइंगवर ठेवण्यात आली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, विमानाच्या जोडणीत भाग बसवण्याइतकेच तो काढल्याची नोंद करणेही महत्त्वाचे आहे. रिव्हेटच्या दुरुस्तीचे काम झाले होते. परंतु त्यासाठी काय उघडले, हे सांगणारा कागद नव्हता. आसनावर बसलेल्या प्रवाशाला भिंतीमागचे काही दिसत नाही. त्याची सुरक्षितता कारखान्यातील अशा नोंदीवर आणि ती प्रामाणिकपणे करू देणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते.