सोमपूर महाविहार
बांगलादेशातील पहाडपूर येथील सोमपूर महाविहार पाल राजा धर्मपाल याने इसवी सनाच्या ८व्या शतकाच्या अखेरीस स्थापन केला, हे उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रांवरून, म्हणजे भिक्षुसंघाच्या नावाच्या ठशांवरून, निश्चित होते. विहार म्हणजे बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. येथे चौरस आवाराच्या चारही बाजूंना १७७ खोल्या असून मध्यभागी क्रूसाच्या आकाराच्या तळावर टप्प्याटप्प्याने उंचावत जाणारे भव्य मंदिर आहे. नदीच्या गाळाने बनलेल्या या प्रदेशात दगड दुर्मीळ असल्याने बांधकाम मुख्यतः विटांचे असून, मंदिराच्या भिंतींवरील मृण्मय फलकांत, म्हणजे भाजलेल्या मातीच्या शिल्पपट्टांत, देवतांइतक्याच आत्मीयतेने पशुपक्षी आणि सामान्य माणसे साकारली आहेत. १९८५ साली युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारशात समावेश केला.