चंदेरी गाडीची लाकडी जमीन

ओहायो, अमेरिका : जॅक्सन सेंटर हे मक्याच्या शेतांमधलं गाव आपल्या परंड्याहूनही लहान. ‘एअरस्ट्रीम’ ही पिकअपमागे ओढायची अ‍ॅल्युमिनियमची गाडी 1952पासून इथे तयार होते. आत पलंग, ओटा, संडास, सगळा संसार. तिचा जनक वॉली बायम पोरवयात मेंढ्या राखायचा आणि गाढवाच्या गाड्यात राहायचा. आपल्या माळावरच्या धनगराला यात नवल वाटणार नाही.

1969 साली चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवलं, ते याच गाडीच्या बदललेल्या रूपात. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी खिडकीतून बोलले. एवढं झाल्यावर जाहिरात हवी कशाला?

‘एकदा घ्या, नातवापर्यंत पुरेल,’ असा तिचा लौकिक. पत्रा टिकतोही. पण जुन्या गाड्यांची जमीन प्लायवूडची. रिव्हेट मारलेल्या सांध्यांतलं सीलंट सुकलं, की पाणी दुहेरी पत्र्यामधून उतरतं आणि फळीच्या कडेत मुरतं. बाहेरून लकाकी तशीच. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी मागच्या कोपऱ्यात गुडघे टेकून फळीत स्क्रू-ड्रायव्हर टोचतं. गाडी सत्तरच्या दशकातली असेल, तर मागच्या बंपरवर उभं राहून हिसके देतं. बंपर दबला आणि वरची बॉडी हललीच नाही, तर ती सांगाड्यापासून सुटलेली. मग आतलं फर्निचर उपसा, प्रसंगी अख्खी बॉडी उचला. हौशी मंडळींची वर्षं यात जातात.

अमेरिकन माणूस मोकळ्या रस्त्याचं स्वप्न विकत घेतो, पण बऱ्याच वसाहतींत ही गाडी दारात उभी करायला बंदी असते. मग भाड्याची जागा शोधा. थंडीत नळ फुटू नयेत म्हणून पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरा. आणि संडासाची टाकी मालकानंच रिकामी करायची! गाडीसमोर फोटो काढणाऱ्या आपल्या पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही.

महाराष्ट्राचं कॅरव्हॅन धोरण 2021मध्ये आल्यापासून तुळजापूर-नळदुर्ग फेरीसाठी अशी गाडी आणावी का, असं तिकडून विचारलं जातं. मोठी नवी गाडी लाखभर डॉलरच्या पुढे जाते. जुनी स्वस्त दिसते, ती का, ते वर सांगितलंच. आपल्याकडच्या बेताच्या पावसात फळी कदाचित तग धरेल. पण इथे मुक्कामाच्या तळांवर टाकी रिकामी करायची सोय असते. नवरात्राच्या गर्दीत तुळजापुरात ती कुठे रिकामी करणार, तेवढं आधी कळवा. गाडीचा भाव मग विचारू.