लोखंडाहून बलवान मिश्रण

चुंबकत्वात कोबाल्ट लोखंडाच्या मागे आहे. लोखंड जास्तीत जास्त 2.15 टेस्लापर्यंत चुंबकित होतं, कोबाल्ट सुमारे 1.8 पर्यंत. म्हणजे लोखंडात कोबाल्ट मिसळलं तर मिश्रण दुबळं व्हायला हवं. होतं उलटंच. शंभरांतले पस्तीसेक अणू कोबाल्टचे असले, की आकडा 2.4 टेस्लाच्या पुढे जातो. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूंमध्ये याहून वरचढ कोणी नाही.

हे बळ येतं कुठून? चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या फिरकीचं. फिरकीच्या दिशा दोन, आणि एका दिशेचं बहुमत जितकं मोठं, तितकं चुंबकत्व जास्त. लोखंडात या बहुमताच्या बाजूलाही काही जागा रिकाम्या राहतात. कोबाल्टच्या संगतीत त्या भरतात आणि लोखंडाच्या अणूचं चुंबकत्व 2.2 बोर मॅग्नेटॉनवरून (हे अणूंच्या चुंबकत्वाचं एकक) 3 च्या आसपास पोचतं. कोबाल्टचा अणू स्वतः फारसा बदलत नाही! न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत दोन्ही अणूंचा हिशेब वेगळा मांडता आला, म्हणून हे कळलं. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. बहुमताच्या जागा भरल्यावर मात्र वाढीव इलेक्ट्रॉन विरुद्ध बाजूला जातात आणि चुंबकत्व उतरू लागतं.

बेल लॅब्जमधल्या गुस्ताव एल्मेन यांनी निम्मं लोखंड, निम्मं कोबाल्ट घेऊन ‘परमेंडर’ घडवलं. ते ठिसूळ होतं. पुढे 2 टक्के व्हॅनेडियम घातल्यावर त्याचे पत्रे लाटता आले. वजनाला मोल असलेल्या विमानांच्या जनित्रांत ते आजही वापरतात.

हार्ड डिस्कवर माहिती लिहिणाऱ्या टोकाला नुसतं बळ पुरत नाही. तिथे चुंबकत्वाची दिशा क्षणात उलटावी लागते, आणि काचेवर थेट चढवलेला लोह-कोबाल्टचा थर हट्टी निघतो. उपाय अगदी साधा निघाला: खाली तांब्याचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर. त्यावर वाढताना मिश्रधातूचे स्फटिककण पन्नासेक नॅनोमीटरवरून दहाच्या आसपास येतात. शेजारचे अनेक कण मग एकमेकांना बांधलेले राहतात, प्रत्येकाचा वेगळा ओढा सरासरीत विरतो आणि दिशा उलटवायला सुमारे एक दशांश चुंबकीय क्षेत्र पुरतं. तांबं स्वतः चुंबकीय नाही, तरी ही करामत त्याचीच.

लोह-कोबाल्टचा थरच अतिशय पातळ केला तर वेगळंच घडतं. 2010 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटानं बोरॉनमिश्रित लोह-कोबाल्टचा 1.3 नॅनोमीटरचा थर मॅग्नेशियम ऑक्साइडला भिडवला, तेव्हा एरवी थरात आडवं असणारं चुंबकत्व उभं राहिलं. वीज गेली तरी माहिती न विसरणाऱ्या चुंबकीय मेमरी चिप आज याच जोडीवर बनतात.