पडद्यावरचा डायनासोर आणि आपल्या मनातली भीती

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे भीतीबद्दल. भीती कशी तयार होते आणि ती कशी उकलायची, हे एका सिनेमाच्या आधारानं समजून घेऊ.

सिनेमा आहे ‘ज्युरासिक पार्क’. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी काढलेला हा सिनेमा १९९३ साली आला आणि १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे लागला. शहरातल्या टॉकीजमध्ये त्याला मोठी गर्दी झाली. गोष्ट अशी की, शास्त्रज्ञ नष्ट झालेले डायनासोर पुन्हा तयार करतात, त्यांची बाग बनवतात आणि मग एका रात्री कुंपणाची वीज जाते. टीव्हीवर तो अजूनही लागतो. आमच्या काही गटांतल्या बायांनी पोराबाळांसह एकत्र बसून तो पाहिला. आम्ही पडद्याकडे कमी आणि पाहणाऱ्यांकडे जास्त पाहत होतो.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, झाडं हलतात, एक मोठा पिंजरा आणला जातो. आत काय आहे ते नीट दिसत नाही. इथेच बायांचे पदर तोंडावर गेले. “काय हाये वं त्याच्यात?” असं एकीनं विचारलं, तर दुसरी म्हणाली, “वाघच असंन!” आपल्या जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. सेलूकडच्या बायांना कापूस वेचताना पऱ्हाटी हलली की आधी काय आठवतं, हे सांगायला नको.

पुढे डायनासोरला आमिष म्हणून एक बकरी बांधलेली दाखवली आहे. थोड्या वेळानं पाहावं तर दावं रिकामं, आणि गाडीच्या छतावर बकरीची तंगडी येऊन पडते. तेव्हा सगळ्या एकदम ओरडल्या, “गेली वं बकरी!” गटाच्या कर्जातून शेळ्या घेतलेल्या एका ताईनं लगेच विचारलं, “इमा होता का वं तिचा?” मग हशा पिकला.

शेवटी शेवटी दोन लेकरं स्वयंपाकघरात लपतात आणि जनावरं त्यांना हुंगत हुंगत शोधतात. तिथे मात्र कोणी हसलं नाही. “पोरायची माय कुठी हाये?” हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता.

आता गंमत पाहा. सिनेमा दोन तासांहून मोठा आहे, पण त्यात डायनासोर दिसतात ते सगळे मिळून सुमारे १५ मिनिटं. बाकी वेळ आपण न दिसणाऱ्या जनावराला भितो. पूर्ण डायनासोर समोर आला तेव्हा आमच्या बाया उलट सावरून बसल्या. “केवढा हाये पाह्य!” असं म्हणत त्याचे दात, त्याचे इवलेसे हात पाहू लागल्या. दिसलेल्या गोष्टीचं माप घेता येतं. न दिसलेल्या गोष्टीत आपण आपल्याच मनातली भीती भरतो.

दुसरी युक्ती आवाजाची. मोठ्या डायनासोरची डरकाळी कुणी ऐकलेलीच नाही, मग ती आणली कुठून? हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीचा प्राणी यांचे आवाज मिसळून ती बनवली. आणि तो येण्याआधी गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरतं ना, त्यासाठी ग्लासाखाली गिटारची तार बांधून ती छेडली होती. पाण्यावर फक्त गोल तरंग उठतात, पण तेवढ्यावर आमच्याकडची चार लेकरं आयांच्या मांडीत शिरली.

असं का होतं? धोका वाटला की शरीर तयारीला लागतं. छाती धडधडते, हाताला घाम येतो, श्वास वाढतो. धोका खरा की पडद्यावरचा, हे शरीर तपासत बसत नाही. ते काम डोकं करतं. मोठ्या माणसाला आत कुठेतरी ठाऊक असतं की आपण घरात आहोत, शेजारी ओळखीच्या बाया आहेत. म्हणून भीती ओसरली की हसू येतं आणि मजा वाटते. लहान लेकराला खरं-खोटं असं वेगळं करता येत नाही. त्याची भीती सिनेमा संपल्यावरही रात्री अंथरुणात येते.

अशा लेकराला “घाबरट” म्हणू नका. “झोप, नाही तर डायनासोर येईल” असंही म्हणू नका. त्याला ग्लासात पाणी द्या, पाटाखालून बोटानं ठोकायला सांगा. तरंग त्याला स्वतःला उठवू द्या. भीती कशी बनवली हे कळलं की ती अर्धी होते.

मग खरं काय, तेही सांगा. डायनासोर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. सिनेमात डासाच्या पोटातल्या रक्तातून त्यांचा डीएनए काढतात, पण डीएनए काळानुसार तुटत जातो. आजवर सापडलेला सगळ्यात जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा आहे. साडेसहा कोटी त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणून तसे डायनासोर परत येणार नाहीत.

पण ते आपल्या भागात होते, हे मात्र खरं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरची हाडं सापडली, आणि दगड झालेलं शेणही सापडलं. गवताच्या पात्यात वाळूसारखे अतिशय बारीक कण असतात. तेच कण शास्त्रज्ञांना या शेणात मिळाले. गवत डायनासोरच्या काळानंतर आलं असा तोवर समज होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधानं तो बदलला. म्हणजे एवढं मोठं ज्ञान शेणातून मिळालं, आणि शेण काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

आता मुद्द्याची गोष्ट. न दिसणारं संकट, भेसूर आवाज आणि धोक्यातलं लेकरू या तीन गोष्टींवर सिनेमा आपल्याला घाबरवतो. मोबाईलवरची अफवाही याच तीन गोष्टींवर चालते. “मुलं पळवणारी टोळी आली” असं कुणीतरी थरथरत्या आवाजात बोलतं. टोळी कुणी पाहिलेली नसते, पण प्रत्येक आईला आपलं लेकरू दिसू लागतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे अशाच अफवेतून जमावानं पाच माणसांना मारून टाकलं. ती भटक्या समाजातली माणसं होती, भिक्षा मागून पोट भरणारी. त्यांनाही घरी लेकरंबाळं होती. सिनेमा संपल्यावर दिवा लागतो आणि सगळे हसतात. तिथे पाच जणांचे जीव गेले.

म्हणून अशी बातमी आली की तीन प्रश्न विचारायची सवय लावू. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं कुणी? कुठे आणि कधी? पोलीस पाटलांना कळवलं का? उत्तर मिळेपर्यंत तो मेसेज पुढे पाठवायचा नाही. संशय वाटला तर ११२ ला फोन करायचा, कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही.

वाघाची भीती मात्र अफवा म्हणून उडवून लावू नका. पावलांचे ठसे दिसले तर वनरक्षकाला कळवा. वेचणीला एकटीनं जाऊ नका, बोलत बोलत जा. भीती वाईट नाही, तीच आपल्याला सावध करते. फक्त ती खरी कशाची आहे, हे आधी पाहून घ्यायचं.

गटाच्या पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. लहानपणी तुम्हाला कशाची भीती घातली होती आणि ती कशी गेली, हे एकेकीनं सांगा. लेकरांनाही जवळ बसवा, त्यांनाही ऐकू द्या.