आरसा ठेवावा कीं काढावा ?

लग्नसराई संपली, तुळशीच्या लग्नापर्यंत आतां मुहूर्त नाहींत, म्हणजे सोलापुरांतील छायाचित्रकारांच्या दुकानांत हिशेबाच्या वह्या उघडतात. याच सुमारास एक वादहि हटकून सुरू होतो. वडिलांनीं दहाबारा वर्षें सांभाळलेला डीएसएलआर कॅमेरा कपाटांत असतो. मुलगा म्हणतो, "अप्पा, हा विकून टाकूं या. आतां सगळे मिररलेस घेतात." वडील म्हणतात, "अरे, याच्यावरच तुझें शिक्षण झालें. यांत बिघडलें काय, तें आधीं सांग." दोघांचेंहि बोलणें खोटें नाहीं. आणि हा वाद आतां केवळ धंदेवाल्यांचा राहिलेला नाहीं. मुलांचे वाढदिवस, सहली आणि पक्षी टिपणाऱ्या हौशी कुटुंबांतहि तो ऐकूं येतो. रक्कम लहान नसते, आणि भिंगांसह कॅमेरा एकदां विकला म्हणजे मागें फिरणें फार महाग पडतें. म्हणून ही वस्तु आंतून कशी चालते, हें अगोदर पाहणें बरें.

डीएसएलआर या नांवांतील सारें मर्म एका लहानशा आरशांत आहे. भिंगांतून आलेला प्रकाश पेटींत शिरतांच पंचेचाळीस अंशांत कललेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळतो, घाशीव कांचेवर चित्र उमटवितो, आणि तें चित्र पंचकोनी लोलकांतून फिरून छायाचित्रकाराच्या डोळ्यास सुलट दिसतें. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, त्यामागील झडप उघडते, प्रकाश सेन्सरवर पडतो, झडप मिटते आणि आरसा पुन्हां खालीं येतो. कॅमेऱ्याचा जो ओळखीचा खटका ऐकूं येतो, तो या धांवपळीचा.

ही युक्ति जुनी आहे. थॉमस सटन या इंग्रज गृहस्थानें १८६१ सालींच आरशाच्या कॅमेऱ्याचें पेटंट घेतलें होतें. १९३६ सालीं ड्रेस्डेन शहरीं काइने एक्झाक्टा निघाला, १९४९ च्या काँटॅक्स एस मध्यें पंचकोनी लोलक आला, आणि कॅमेरा कमरेशीं धरून खालीं वांकून पाहण्याची गरज सरली. तरीहि त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आरसा वर गेला कीं वरच राही, व छायाचित्रकारापुढें अंधार होई. १९५४ सालीं जपानच्या आसाही कंपनीनें आरसा तत्काळ परत आणणारी रचना आपल्या कॅमेऱ्यांत बसविली. १९५९ सालीं निकॉन एफ आला, आणि पुढें अर्धशतकभर जगांतील वृत्तपत्रें व लग्नघरें या आरशाच्या कॅमेऱ्यांनीं व्यापलीं.

एवढा खटाटोप कशासाठीं होता ? फिल्मवर काय उमटणार, हें फिल्म धुतल्याखेरीज कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणून भिंगांतलें दृश्य क्षणभर चोरून डोळ्यास दाखविण्याचें काम आरशाकडे होतें. फिल्मच्या जागीं सेन्सर आला, आणि सेन्सर स्वतःच पाहूं शकतो. त्याला दिसतें तें खिडकींतील इवल्याशा विद्युत्पडद्यावर दाखवितां येतें. मग आरसा हवा कशाला, असा प्रश्न निघणें क्रमप्राप्तच होतें. २००८ सालीं पॅनासॉनिकनें जी१ हा बिनआरशाचा, भिंग बदलतां येणारा कॅमेरा काढला. २०१३ सालीं सोनीनें अल्फा ७ आणला. आणि कॅनन व निकॉन या दोन मातबर कंपन्यांनीं २०१८ सालीं आपल्या मोठ्या सेन्सरच्या बिनआरशाच्या मालिका सुरू केल्या. २०२० सालीं जगांत रवाना झालेल्या कॅमेऱ्यांत बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनीं डीएसएलआरला मागें टाकलें. त्याच वर्षीं कॅनन १डी एक्स मार्क ३ व निकॉन डी६ हे त्या कंपन्यांचे आरशाचे शेवटचे थोर कॅमेरे बाजारांत आले. पेंटॅक्सनें मात्र २०२१ सालींहि नवा आरशाचा कॅमेरा काढला, हा तिचा बाणेदारपणा म्हणावा.

म्हणजे वारा कोणत्या दिशेनें वाहतो, याविषयीं वाद उरला नाहीं. पण वारा वाहतो म्हणून घरचें छप्पर बदलावें असें नव्हे. मुलाच्या बाजूनें काय सांगतां येतें, तें आधीं पाहूं.

पहिली गोष्ट फोकसची. डीएसएलआरमध्यें आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो; त्यांतून झिरपलेला प्रकाश एका छोट्या दुसऱ्या आरशानें पेटीच्या तळाशीं पाठविला जातो, आणि तेथील यंत्र अंतराचें माप घेतें. माप एके ठिकाणीं व चित्र दुसऱ्या ठिकाणीं, अशी ही व्यवस्था आहे. दोहोंत केसभर फरक पडला, तरी नवरीच्या डोळ्यांऐवजीं तिच्या कानांतील कुड्या स्पष्ट येतात. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत माप आणि चित्र दोन्ही सेन्सरवरच होत असल्यामुळें हा दोष संभवत नाहीं. शिवाय अलीकडच्या कॅमेऱ्यांत माणसाचा, कांहींत तर पक्ष्याचाहि, डोळा ओळखून त्यावर खिळून राहण्याची सोय आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात, आणि पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या घातलेली माणसें रस्ताभर दिसतात. कॅमेऱ्याचें प्रकाशमापक यंत्र पांढऱ्याला राखी समजून फसतें. त्याच्या भरंवशावर राहिल्यास बाराबंद्या मळकट येतात, आणि अंदाजानें प्रकाश जास्त दिला तर कापडाच्या चुण्याच नाहींशा होतात. जाणता छायाचित्रकार हें सांवरून घेतो. हौशी मनुष्याला घरीं गेल्यावर कळतें. बिनआरशाच्या खिडकींत चित्र जसें येणार तसें आधींच दिसतें. डीएसएलआरच्या मागील पडद्यावरहि 'लाइव्ह व्ह्यू' लावून हें पाहतां येतें, हें खरें. पण उन्हांत तो पडदा वाचतां येत नाहीं, आणि सोलापूरचें ऊन कसें असतें हें सोलापूरकरांस सांगणें नको.

तिसरी गोष्ट आवाजाची. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें. माळढोकाचें दर्शन आज दुर्मिळ झालें आहे. पण काळवीट, लांडगे, चंडोल, धाविक हीं मंडळी माळावर आहेत. उघड्या गवताळ रानांत आडोसा नसतो. आरशाचा पहिला खटका ऐकतांच प्राणी मान वर करतो, आणि दुसऱ्या चित्रांत त्याची पाठ दिसते. निःशब्द झडपेचा खरा लाभ अशा ठिकाणीं. चित्र मिळतें हा एक फायदा. त्या जिवाला आपल्या पायीं उठून पळावें लागत नाहीं, हा दुसरा, आणि अधिक मोलाचा.

आतां वडिलांची बाजू. आरशाच्या कॅमेऱ्यांत डोळ्याला दिसतो तो खरा प्रकाश; त्याला वीज लागत नाहीं. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत सेन्सर व पडदा सतत जागे असतात. निकॉनच्या डी८५० या आरशाच्या कॅमेऱ्याला एका भरणींत १८४० चित्रांचें प्रमाण मिळालेलें आहे; त्याच घाटाची बॅटरी घेणाऱ्या झेड७ ला सुमारें ३३०. प्रत्यक्षांत दोहोंचीहि चित्रें याहून पुष्कळ अधिक निघतात, पण प्रमाणांतील अंतर बोलकें आहे. हळदीपासून वरातीपर्यंत उभें राहणाऱ्यानें तीनचार बॅटऱ्यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किंमतींतच धरावा. सतत जागा राहणारा सेन्सर तापतोहि, आणि वैशाखांतल्या मांडवांत लांबलचक चलच्चित्रण करतांना कॅमेरा मध्येंच थांबण्याचा संभव असतो. शिवाय भिंग बदलतेवेळीं आरसा व झडप आड नसल्यामुळें बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांचा सेन्सर उघडा पडतो. आपल्याकडील धुळीला तेवढें निमंत्रण पुरतें.

निःशब्द झडपेविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे, कारण दुकानांत तो कोणी देत नाहीं. बहुतेक सेन्सर चित्र एकदम वाचीत नाहींत, ओळीमागून ओळ वाचतात. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, त्यामुळें कित्येक दिवे सेकंदास १०० वेळां कमीजास्त होतात. एलईडीच्या भिंती तर आपल्या निराळ्याच वेगानें लुकलुकतात. डोळ्यांस तें जाणवत नाहीं, पण ओळीमागून ओळ वाचणाऱ्या सेन्सरला जाणवतें, आणि मंगल कार्यालयांतील चित्रांवर काळपट आडवे पट्टे उमटतात. अशा झडपेबरोबर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशहि चालत नाहीं. २०२३ सालीं जाहीर झालेल्या सोनीच्या अल्फा ९ मार्क ३ मध्यें सर्व ओळी एकाच क्षणीं वाचल्या जातात. पण तो कॅमेरा सामान्य गृहस्थाच्या आंवाक्यांतला नव्हे. इतरांनीं दिव्यांखालीं यांत्रिक झडपच वापरावी. म्हणजे ज्या शांततेसाठीं कॅमेरा घेतला, ती लग्नाच्या रंगमंचावर बहुधा उपयोगीं पडत नाहीं !

याहून गंभीर बाब कार्डांची. लग्न दुसऱ्यांदां लावतां येत नाहीं. म्हणून धंद्याच्या कॅमेऱ्यांत दोन कार्डें हवींत, आणि प्रत्येक चित्र दोहोंवर उतरलें पाहिजे. निकॉन व कॅनन यांच्या २०१८ च्या पहिल्या मोठ्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत कार्डाची जागा एकच होती. ते आज जुन्या बाजारांत मोहक भावानें मिळतात. हौशी मनुष्यानें ते खुशाल घ्यावे. लग्नें करणाऱ्यानें घेऊं नयेत.

परंतु खरी संपत्ति कॅमेऱ्यांत नसून भिंगांत असते. आरशाला हलण्यास जागा हवी, म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्यें भिंगाच्या बैठकीपासून सेन्सर ४४ मिलिमीटरांवर व निकॉनच्या ४६.५ मिलिमीटरांवर असतो. नव्या मालिकांत हींच अंतरें अनुक्रमें २० व १६ झालीं. मधली पोकळी भरून काढणारें एक कडें बसविलें कीं जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालतें. उलट नवें भिंग जुन्या कॅमेऱ्यावर चालणें शक्य नाहीं. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ भिंगांत फोकसची मोटर भिंगांतच असल्यामुळें तीं कंपनीच्या कड्यावर बिनतक्रार चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी भिंगांत मोटर नाहीं; निकॉनच्या स्वतःच्या कड्यांवर तीं बसतात, परंतु फोकस हातानें करावा लागतो. जुनीं भिंगें फुंकून टाकण्याची घाई करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. आणि बिनआरशाचा म्हणजे चिरंजीव असेंहि समजूं नये. निकॉननें २०११ सालीं सुरू केलेली 'वन' ही मालिका २०१८ सालीं संपली. कॅननची २०१२ ची ईएफ-एम मालिका २०२३ सालीं बंद झाली. दोन्ही बिनआरशाच्याच होत्या.

मग निर्णय कसा करावा ? त्यासाठीं जाहिराती वाचण्यापेक्षां गेल्या वर्षांत टाकून दिलेलीं चित्रें काढून पाहावीं. वडील आणि मुलगा या दोघांनीं एक संध्याकाळ बसून, प्रत्येक चित्र कां टाकलें, एवढेंच लिहीत जावें. डोळे अस्पष्ट म्हणून टाकलेलीं चित्रें पुष्कळ निघालीं, तर आरसा काढण्यास सबळ कारण आहे. हात हलल्यामुळें वाया गेलेलीं पुष्कळ असतील, तर सेन्सर हलवून हाताचा कंप सांवरणारा नवा कॅमेरा कामाचा आहे. कॅनन व निकॉन यांच्या डीएसएलआरमध्यें ती सोय नव्हती. परंतु अंधुक उजेडामुळें चित्रें बिघडलीं असतील, तर मोठ्या तोंडाचें भिंग किंवा बरासा फ्लॅश कमी पैशांत अधिक काम करील. आणि मनुष्य चुकीच्या जागीं उभा होता म्हणून जीं गेलीं, त्यांवर कोणत्याच कंपनीकडे औषध नाहीं. बहुतेक घरीं हा शेवटचा ढीग सर्वांत उंच निघतो !

जो आज प्रथमच कॅमेरा घेत आहे आणि ज्याच्याजवळ एकहि भिंग नाहीं, त्यानें नवा पैसा आरशाच्या मालिकेंत घालूं नये. भिंगें ज्या बाजूस निघत आहेत, त्या बाजूस जावें. शिकूं पाहणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. त्याला जुना डीएसएलआर आणि एक साधें ५० मिलिमीटरचें भिंग स्वस्तांत मिळत असेल, तर तेवढ्यावर त्याचीं दोनतीन वर्षें उत्तम जातील. ज्यांचा कॅमेरा धड आहे, भिंगें चांगलीं आहेत आणि टाकलेल्या चित्रांचा ढीग आरशाला दोष देत नाहीं, त्यांनीं तो झिजेपर्यंत वापरावा. मात्र सुटे भाग मिळेनासे होण्याचे दिवस येणार हें धरून, दुरुस्तीवर कॅमेऱ्याच्या आजच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च करूं नये.

धंदेवाल्यांस बहुधा बदल करावाच लागेल; पण तो केव्हां, याला महत्त्व आहे. लग्नाच्या आदल्या आठवड्यांत नवा कॅमेरा घेणें म्हणजे परीक्षेच्या दिवशीं नवें टाक घेण्यासारखें आहे. बटणें निराळ्या जागीं, खिडकींतलें दृश्य निराळें, बॅटरीचा अंदाज नाहीं. आधीं एखाद्या घरगुती समारंभाला भाड्यानें आणून पाहावा. पसंत पडला तर आषाढाच्या आरंभीं फक्त कॅमेरा आणि जोडकडें घ्यावें, भिंगें जुनींच ठेवावींत. चातुर्मासांत हात बसण्यास वेळ मिळतो, आणि सराव करण्यास पंढरपूर आपल्याच जिल्ह्यांत आहे. आषाढीची गर्दी, मधूनच येणारी सर आणि क्षणोक्षणीं बदलणारा उजेड यांहून कठीण शाळा मिळणार नाहीं. तुळशीचें लग्न लागेपर्यंत मुलाचा हात नव्या कॅमेऱ्यावर बसलेला असेल. जुना त्या वेळीं विकूं नये. पहिल्या मोसमांत तो अप्पांच्या खांद्यावर, बॅटरी भरलेली आणि कार्ड रिकामें, तयार असावा.