आबांचा उलटा प्रश्न
मुलं आणि माती : लेखांक ७

मुलांना शिवारात का न्यावं, हे मागच्या लेखात पाहिलं. आज प्रश्न असा, की त्यांच्यासोबत जावं कोणी?

पावसाळ्यात नरडाण्याच्या शिवारात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. नातू विचारतो, "आबा, हाई पाखरू इकडेच काब्र घर बांधस?" आबांना उत्तर ठाऊक असतं, तरी ते विचारतात, "पानी कथाईन येस?" पोरगं झाडाला फेरी मारतं, आभाळाकडे बघतं. पाऊस नैऋत्येचा आणि बहुतेक खोपे पूर्वेच्या आडोशाला, हे त्याचं त्यालाच कळतं. दुसऱ्या दिवशी ते न बोलावता विहिरीवर हजर असतं. मग खोपा विणणारा पिवळ्या डोक्याचा नर आहे आणि मादी अर्धा झालेला खोपा पारखून मगच घर मांडते, हेही त्याला दिसतं. आबांनी पहिल्याच दिवशी उत्तर दिलं असतं, तर ही दुसरी फेरी झालीच नसती.

मुलाच्या पायाने चालणारी ही शिकवण महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरांमागे जात, शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. पानं, बिया, खडे हेच तिथलं शिक्षणाचं साहित्य.

पण एकट्या आबांनी भागत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. या कामासाठी 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते. बाया भाज्या रांधून आणतात आणि त्यांची माहिती सांगतात. कोणतं पान खुडायचं, कोणतं सोडायचं, हे आईमागे रानात फिरल्याशिवाय कळत नाही. आणि ते रान सगळ्या गावाने मिळून राखलेलं असतं.

पांझरेकाठच्या फडात, म्हणजे सामायिक पाटपाण्यावरच्या शेतांत, पाणी वाटायला पाटकरी आणि पीक राखायला जागल्या असे. ज्याचं शेत त्याने बघावं, असं तिथे नव्हतं. मुलांना रान दाखवण्याचं कामही असंच गावाचं व्हायला हवं. आज कितीतरी आईबाप पाळीवर कामाला जातात. त्यांच्या पोरांना बांधावर कोण नेणार?

म्हणून या रविवारी आपल्या मुलासोबत शेजारची दोन पोरंही घ्या. गल्लीतल्या एखाद्या आबांना किंवा आजीला बरोबर चला म्हणा. आणि पोरांनी काही विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नका.