पाटीवरचं नाव

पंचवटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रामकुंड, काळाराम मंदिर, गोदाकाठचा भाजीबाजार! पण इथंच इंद्रकुंडाजवळ महापालिकेचं एक सभागृहही आहे. पंडित पलुस्कर सभागृह. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, हे पलुस्कर नाटकात काम करायचे का?"

"नाही गं, गायचे."

"गाणारे तर खूप असतात. मग यांचंच नाव का?"

घ्या! पाच मिनिटांच्या सुट्टीत हे कसं सांगायचं? म्हणून इथं सांगते.

विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. विष्णू लहान असताना तोंडाशी फटाका उडाला आणि डोळे जवळजवळ गेले. (दिवाळीत फुलबाजीवर वाकता ना, तेव्हा हे आठवा.) शाळा सुटली. उपचारांसाठी त्यांना मिरजेला नेलं. दृष्टी काही नीट झाली नाही, पण गळा गोड होता. मग तिथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याचं शिक्षण सुरू झालं. बुवा म्हणजे केवढे मोठे गवई!

आणि तरीही काय झालं, ऐका. गावात एक समारंभ होता. सांगतात की, विष्णूला त्याचं बोलावणं आलं, कारण संस्थानिकांची त्याच्यावर मर्जी. बुवांना मात्र नाही. विष्णूनं विचारलं, "आमच्या गुरुजींना का नाही बोलावलं?" उत्तर मिळालं, "ते काय, गवईच तर आहेत!" हे त्याच्या मनाला फार लागलं. १८९६ साली त्यानं मिरज सोडली.

तेव्हा चांगलं गाणं ऐकायला मिळे ते राजवाड्यात नाहीतर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. तुम्हीआम्ही दाराबाहेर! पलुस्करांनी काय केलं, तर सौराष्ट्रात राजकोटला तिकीट लावून जाहीर गाणं केलं. तिकीट काढील तो ऐकील. आज यात काय नवल, असं तुम्हांला वाटेल. तेव्हा ते नवलच होतं.

मग ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. कोणा राजाच्या पदरची नव्हे, लोकांच्या पैशांवर चालणारी गाण्याची शाळा! सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. पंडितजी म्हणे वेळेवर शाळा उघडायचे, तंबोरा जुळवायचे आणि एकटेच गात बसायचे. रिकाम्या वर्गात! मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. पण हळूहळू मुलं आली.

१९०८ साली शाळा मुंबईत सुरू झाली आणि तिथं तिचा पसारा वाढला. विद्यार्थ्यांना राहायला वसतिगृह. वाद्यं बनवायला आणि दुरुस्त करायला स्वतःचा कारखाना. पुस्तकं छापायला स्वतःचा छापखाना! छापखाना कशाला? गाणं तोवर गुरूच्या तोंडून ऐकून शिकायचं असे. पंडितजींनी स्वर लिहून दाखवायची पद्धत बसवली. 'संगीत बालप्रकाश' हे पुस्तक तर खास लहानांसाठी. काही विद्यार्थी त्यांच्याकडेच राहून, जेवून वर्षानुवर्षं शिकत आणि पुढे स्वतः शिक्षक होत.

आता एवढ्या सगळ्याला पैसा लागणारच. मुंबईत इमारत बांधली ती कर्ज काढून. पंडितजी गावोगाव गाऊन कर्ज फेडत होते, पण ते काही फिटेना. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारत लिलावात काढली. वसतिगृह, छापखाना, सगळा संसार मोडला.

तोवर पंडितजींचं मन रामभक्तीकडे वळलं होतं. १९२२ साली त्यांनी आपल्या नाशिकला रामनाम आधाराश्रम काढला होता. आता तेच त्यांचं घर झालं. तुलसीदासांचं रामायण गायचं आणि शिकवायचं. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत ते वारले. ज्या गावात 'गवईच तर आहेत' हे ऐकलं, तिथंच.

इमारत गेली, पण शिष्य होते ना! ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास... नावं घ्यावीत तेवढी थोडी. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्यापैकी कुणी गाण्याची किंवा तबल्याची 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' अशी परीक्षा दिली असेल, तर ती बहुतेक याच मंडळाची!

पंडितजी गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रय अवघा दहा वर्षांचा होता. पुढे वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकवलं. तो झाला द. वि. पलुस्कर. 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांनी गायलेली जुगलबंदी तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. विचारून बघा.

त्या चौथीतल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई, लाहोरला पहिला विद्यार्थी कोण आला असेल हो?"

मला काही ते सांगता आलं नाही.